साहेबाची आय

आमच्या खाडीवरच्या कारखान्यात एक गोरा साहेब होता आणि तो दिवसभर आपल्या आईला हाका मारायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं. "साहेब, लाँच पाण्यात सोडू का?" असं कोणी विचारलं की तो श्वास आत ओढून म्हणायचा, "आय." मग त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत, "छोडो." जेवला का विचारलं तरी आधी "आय", मग "खाया." आमच्याकडे आईला आय म्हणतात. म्हातारी माणसं उठता-बसता "आय गं" करतात, तसंच हे काहीतरी असणार, असं सगळेच धरून चालले. साहेबाचं 'हो' म्हणजे 'येस', हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आसपासची. मांडव्याच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी माझं सासर. मुंबईच्या एका बोट कंपनीने तिथे दुरुस्तीचा छोटा कारखाना घातला होता. लाँचा काठावर ओढायच्या, बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, इंजिनं उघडायची. आमचे हे तिथे कामाला होते. ह्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे झालं, ते पुढे येईलच.

माझा स्वभाव पहिल्यापासून घोर लावून घेणारा. माहेर मिठागरवाल्यांचं. भरती जोराची आली की बांध फुटेल म्हणून बाप जागा राहायचा आणि त्याच्याबरोबर मीही. सासूबाई म्हणायच्या, "हिला काळजी न्हाय मिळाली तर शेजारून उसनी आनील." खोटं नव्हतं ते. साहेबाच्या आईची काळजीसुद्धा मी उसनीच आणली होती.

झालं असं, की एवढा दांडगा पुरुष उठता-बसता आईचं नाव काढतो, म्हणजे ती बिचारी मेली असणार आणि ह्याला तिचं शेवटचं तोंड दिसलं नसणार, असं आम्ही बायकांनी ठरवलं. तिथी कोण विचारणार? म्हणून भाद्रपदात सर्वपित्रीला सासूबाईंनी आमच्या पितरांच्या पानाशेजारी साहेबाच्या आईचंही एक पान वाढलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. आमच्या पानाला कावळा लगेच शिवला. साहेबाच्या आईच्या पानाकडे एकही कावळा फिरकला नाही. उन्हात भात वाळून गेला. शेवटी ते पान गाईला घातलं आणि त्या म्हातारीचा जीव कशात अडकला असेल, याचा घोर मला दिवाळीपर्यंत पुरला.

साहेब इंग्रज नव्हता. इंग्रज म्हटलं की चिडायचा. तो स्कॉटलंडचा. आणि तिकडे तो चेंडू लाथाडण्याचा पगार घेत असे. हे सासूबाईंना कितीही सांगितलं तरी पटलं नाही. "लाथा मारायचा पगार? मंग आमच्या रेड्याला पन द्या म्हनावं," त्या म्हणायच्या.

त्याची सगळी हकीकत ह्यांनी बोटीच्या पोटाखाली काम करता करता तुकड्यातुकड्यांनी ऐकली आणि मला जेवताना सांगितली. आगबोटी बांधतात अशा एका नदीकाठच्या गावात तो जन्मला. बाप लहानपणीच गेला. आईचं विचारून दुखवायला नको म्हणून ह्यांनी तो विषय कधी काढलाच नाही. तो फिटरचं काम शिकला आणि शनिवारी अर्धा दिवस सुटी असे तेव्हा कारखान्यातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळू लागला. एका मोठ्या शहरातल्या क्लबाच्या माणसांनी त्याचा डावा पाय पाहिला आणि त्याला उचलून नेलं. मग काही वर्षं नुसती चंगळ. तो मैदानात उतरला की जत्रेएवढी माणसं टोप्या उडवायची. एकदा तर त्याच्या देशाच्या संघात त्याची निवड झाली, इंग्रजांविरुद्ध. ते जिंकले आणि त्याला टोपी मिळाली.

"टोपी?" मी म्हटलं. "टोपी तर सगळ्याच सायबांच्या डोक्यावर असते."

"तशी न्हाय गं. देशाची टोपी. मखमलीची. गोंडा हाय तिला." ह्यांनी ती पाहिली होती. साहेबाच्या पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. साहेब ती कधीच डोक्यावर घालत नसे. देशाने दिलेली टोपी पेटीत ठेवून हा उन्हात तांबडालाल होतो, याचं मला नवल वाटायचं.

पुढे त्याचा गुडघा दुखावला. सूज असताना त्यावर घट्ट पट्टी बांधून तो एका मोठ्या सामन्यात उतरला. क्लबाच्या कारभाऱ्यांना तो हवाच होता आणि ह्यालाही मागे राहायचं नव्हतं. त्या सामन्यात गुडघा गेला तो गेलाच. ज्या वयात आमच्याकडे माणूस कुठे घरचा कारभार हातात घेतो, त्या वयात ह्याचा खेळ संपला. मग तो बोटीवर इंजिनवाला झाला आणि फिरत फिरत आमच्या खाडीत येऊन पडला.

तो पाय त्याला दुमडता येत नसे. उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही. बोटीच्या बुडाखाली काही बघायचं असलं की तो चिखलात सरळ आडवा व्हायचा. बाकीचे हसू दाबायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण तोवर साहेबाने आमच्या ह्यांनाच फुटबॉल शिकवायला घेतलं होतं.

भातं कापून झाली की रिकाम्या शेतात खेळ चाले. अनवाणीच. भाताच्या कापलेल्या खुंटांनी दुसऱ्याचे तळवे फाटले असते, पण आमच्या लोकांचे पाय मिठागरात चिखल तुडवून चिवट झालेले. ह्यांचाही डावा पाय चालायचा. साहेब काठी आपटून ओरडायचा आणि हे धावायचे. खरं सांगते, ते धावताना फार देखणे दिसत. बांधाआडून बघताना माझा ऊर भरून यायचा आणि लगेच भीती वाटायची. हा पाय साहेबासारखा झाला तर? बोटीखाली उकिडवं बसल्याशिवाय फटी बुजवता येत नाहीत. साहेब आडवा पडला तरी साहेबच राहतो. आमचा माणूस आडवा पडला तर त्याला उठवून घरी धाडतात.

आणि नको तेच झालं. पौषात मुंबईच्या मोठ्या कारखान्याचा संघ आमच्याकडे सामन्याला येणार होता. बरोबर त्यांचा बडा साहेब येणार होता आणि जो चांगला खेळेल त्याला मुंबईला कायमच्या कामावर नेणार, अशी बोलवा होती. त्याआधी थोडेच दिवस हे खेळताना पडले आणि गुडघा सुजला. घरी आले ते भिंतीला धरून. मी निरगुडीचा पाला बांधला, हळद लावली, मीठ तापवून शेकलं. सूज थोडी उतरायची आणि संध्याकाळी पुन्हा चढायची.

"साहेबाला सांगा," मी म्हटलं.

"तोंड शिवून ठेव. त्याला कळलं तर तो बसवनार मला."

"मंग बसवू दे की!"

"मुंबईची वाट बंद व्हईल. तू बोललीस तर याद राख."

असं बजावल्यावर काय करायचं? झोप उडाली माझी. नुसत्या पावलांच्या आवाजावरूनही मला कळायचं, आज एक पाऊल जड पडतंय. शेवटी एके दुपारी अंडी द्यायच्या निमित्ताने मी साहेबाच्या बंगल्यावर गेले. तो व्हरांड्यात आरामखुर्चीत पाय लांब करून बसला होता. मी ह्यांचं नाव काढलं नाही, ह्यांचा विषयसुद्धा काढला नाही. शब्द राखला. जमेल तशा हिंदुस्थानीत विचारलं, "साहेब, घुटना सूजा हो और आदमी वैसाच खेला, तो पैर हमेशा का जाता क्या?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. त्याला वाटलं असणार, ही बाई माझ्याच पायाची चौकशी करते आहे. त्याचे डोळे पाणावले. तो हळूच म्हणाला, "आय." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्याला आईची आठवण करून दिली मी! पुढे विचारायचा धीर झाला नाही. अंडी ठेवून परत आले. वाटेत मनाची समजूत घातली, की धोका असता तर तो 'येस' म्हणाला असता. तो तसं म्हणाला नाही, म्हणजे जात नसेल पाय. त्या रात्री मला जरा झोपसुद्धा लागली.

सामन्याच्या दिवशी अख्खं गाव शेतात लोटलं होतं. बायका लांब बांधावर. साहेबाचा नवा खानसामा चहाचं पातेलं घेऊन तिथेच चूल मांडून बसला होता. कोर्लईचा ख्रिस्ती म्हातारा, नुकताच कामाला आलेला, इंग्रजी बोलणारा. ह्यांनी पट्टी बांधून वर लांब विजारीचा पाय सोडलेला मी पाहिला होता. माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी खानसाम्याला विचारलं, "साहेबाची आय कवा मेली हो?"

"मेली? कोण बोलला? जिती हाय. दर टपालाला तिचा कागद येतो."

"मंग सारखा आय आय का करतो?"

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "अगं बाय, ती आय न्हाय! त्यांच्या मुलखात 'व्हय'ला 'आय' म्हनतात. आय म्हंजे व्हय!"

सगळ्या बायका हसल्या. जिवंत बाईला पिंडाचं जेवण वाढलं म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मला मात्र व्हरांड्यातला साहेब आठवला. मी विचारलं होतं, पाय कायमचा जातो का? तो म्हणाला होता, व्हय. एकदा नाही, दोनदा म्हणाला होता.

मी बांधावरून उडी मारली आणि धावत सुटले. खेळ रंगात आला होता. ह्यांच्याकडे चेंडू होता आणि मुंबईचा एक आडमाप गडी समोरून येत होता. मी ओरडले, "अवो!" झालं! तिथले निम्मे लोक कोणाचे ना कोणाचे नवरे. काठावरचे सगळे पुरुष वळून आपापल्या बायका शोधू लागले. फक्त ज्यांनी बघायचं ते बघेनात. "अवो! अवो, ऐका की!" आता दुसरी हाक कुठून आणू? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे मी दुधाबरोबर प्यायलेली. एकीकडे आयुष्य, एकीकडे गुडघा. मी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ह्यांचं नाव घेऊन ओरडले.

हे जागच्या जागी खिळले. माझ्या तोंडून ते नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. चेंडू पायाखालून निघून गेला, तो आडमाप गडी ह्यांच्या बाजूने सुसाट गेला, धुळीत जाऊन आपटला, आणि दुसऱ्याच कोणीतरी तो चेंडू मारून आमच्यावर गोल केला. मग जो हशा पिकला तो काय सांगू! मागून बायका ओरडत होत्या, "नुसतंच नाव? उखाना कुठं हाय गं?" मी तशीच साहेबापुढे गेले आणि ह्यांच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. नुसतं रडू येत होतं.

साहेब लंगडत मैदानात आला. विजारीचा पाय वर केला, पट्टी सोडली, अंगठ्याने दाबून पाहिलं. हे दात आवळून उभे राहिले.  साहेबाने ह्यांचा दंड धरून त्यांना स्वतः बाहेर आणलं. आम्ही सामना हरलो. मुंबईला दुसऱ्याच एकाला नेलं.

ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला साहेब खानसाम्याला घेऊन आमच्या ओटीवर आला. बसता येईना म्हणून पायरीवर पाय सोडून टेकला. तो बोलत गेला आणि म्हातारा आम्हाला सांगत गेला. त्याची आई शहरात त्याच्याजवळच राहायची, पण त्याचा खेळ बघायला एकदाही आली नव्हती. दर शनिवारी ती दार लावून आत बसायची आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या पावलांकडे कान लावायची. लेकाची दोन्ही पावलं सारखी वाजली, की मगच चूल पेटवायची. त्याचा गुडघा गेला त्या सामन्याच्या दिवशी तिने पट्टी पाहिली होती. लोक हसतील म्हणून ती बोलली नाही. आजही ती प्रत्येक कागदात तेच लिहिते, मी का नाही बोलले.

साहेब ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "तेरी औरत ने आवाज दिया." एवढंच. हे उठून आत गेले. पण रात्री जेवताना "मीठ कमी हाय" असं म्हणाले, आणि मी ओळखलं की अबोला सुटला. होळीपर्यंत निरगुडी आणि शेक चालला. मग एके दिवशी कारखान्यात डबा घेऊन गेले तर हे लाँचेखाली उकिडवे बसून फटीत कापूस ठोकत होते. मी तिथेच डबा ठेवून डोळे पुसले. फुटबॉल मात्र ह्यांचा तिथेच संपला. आणि मला नवाच घोर लागला, की नाव घेऊन मी ह्यांची किती वर्षं तोडली. पुढे हे सत्तरी ओलांडून गेले, तरी तो घोर काही माझा गेला नाही.

पुढच्या श्रावणात साहेबाची आई गेल्याचं टपाल आलं. विलायतेहून बातमी यायची म्हणजे ती कधीच मातीआड झालेली. साहेब दिवसभर खाडीकाठी उपड्या होडीवर पाय लांब करून बसून होता. मी पाण्याच्या वाटेने गेले, तर तो आपल्याशीच म्हणत होता, "आय... आय." कोणी काही विचारलेलं नव्हतं.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळीच तो आमच्या दारात उभा. मागच्या पानाची कथा त्याला खानसाम्याने सांगितली होती. रोजची टोपी हातात धरून म्हणाला, "मेरी आय का पान लगाओ." हा शब्द त्याने या वेळी आमचाच वापरला. सासूबाईंनी केळीचं पान पुसायला घेतलं.

पान अंगणात ठेवलं. कावळे माडावर बसून होते, पण खाली उतरेनात. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी मोठ्याने शब्द द्यायचा. हे म्हणाले, "आय, आमी साहेबाला उपाशी ठेवनार न्हाय." कावळा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाय, त्याला चांगली बायको बघू." तरी नाही. साहेब उन्हात उभा होता, तांबडालाल झालेला, एका पायावर भार देऊन. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

ती कशाला अडली असेल, ते मला ठाऊक होतं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि पानासमोर जाऊन हात जोडले. "आय," मी म्हटलं, "खेळ कवाच संपला. तुझा लेक चालत घरी आलाय. आता कान लावून बसू नको."

माडावरून एक कावळा उतरला, पानाभोवती एक फेरी घातली आणि वडा उचलून गेला.

साहेबाने ह्यांना विचारलं, मी काय बोलले. ह्यांनी सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "आय."

मग आम्ही सगळे आत जेवायला बसलो. ह्यांनी मांडी घातली. त्यांच्या शेजारी साहेब भिंतीला टेकून बसला. त्याचा पाय पंगतीत आडवा पसरला होता, आणि कुणाचा पाय ओलांडायचा नाही म्हणून सासूबाई दर वेळी वळसा घालून वाढत होत्या.